कुलूप कुणी लावलं, ते आधी विचार

परवा फोनवर तू विचारलंस, "आत्या, मागच्या गल्लीतल्या कारखानदाराचं खातं फ्रीज झालंय म्हणे. आमचंही होईल का?" तेव्हा मी विषय टाळला, कारण दहा मिनिटांत सांगून संपणारं ते नव्हतं. आता निवांत बसून लिहिते. दादाच्या, म्हणजे तुझ्या बापाच्या, मागांवरचं कापड शिवून तू पिशव्या आणि अभ्रे विकायला लागलीस, दुकानात क्यूआर चिकटवलास, कुठकुठली गिऱ्हाईकं तुला मोबाइलवरून पैसे पाठवतात. आमच्या लहानपणी माधवनगरात पैसा ओळखीच्या हातातूनच यायचा. सूतवाला ओळखीचा, कापडाचा दलाल ओळखीचा, उधारीवर किराणा नेणारा कॉटन मिलमधला कामगारही ओळखीचा. तुझ्याकडे येणाऱ्या पैशाचा चेहरा तुला दिसत नाही. म्हणून हे तुला माहीत असलेलं बरं.

तेहतीस वर्षं मी बँकेत काढली. पहिली अकरा कॅशवर गेली, बाकीची खाती उघडणं, केवायसी आणि तक्रारी यांत. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी पासबुक घेऊन कुणी ना कुणी दारात येतंच. तो कारखानदारही आला होता.

शनिवार होता, म्हणजे कामगारांच्या पगाराचा दिवस. सकाळी त्यानं सूतवाल्याला दीड लाख पाठवायला घेतले, ते गेले नाहीत. परत पाठवले, परत अडकले. एटीएममधून दहा हजार काढायला गेला, तेही निघेनात. बँकेत गेला तर काउंटरवरच्या पोरानं स्क्रीन बघून सांगितलं, "सायबरचं होल्ड आहे, वरून आलंय." हा तिथंच त्याच्यावर ओरडला, मॅनेजरवर ओरडला आणि घामाघूम होऊन माझ्याकडे आला. खात्यात साडेसहा लाख होते आणि संध्याकाळी चौदा माणसं पगाराला उभी राहणार होती. मी त्याला पाणी दिलं आणि एकच विचारलं, "कुलूप कुणी लावलंय?" त्याला सांगता येईना. सकाळपासून त्यानं हे कुणाला विचारलंच नव्हतं.

पोरी, माझा पहिला कानमंत्र हाच. खातं बंद पडलं की आधी हे विचारायचं. कुलूप बँकेनं स्वतः लावलं असेल, तर किल्ली त्याच शाखेत असते. पोलिसांच्या सांगण्यावरून लावलं असेल, तर बँकेत दिवसभर बसलीस तरी ते उघडणार नाही, कारण किल्ली कुठल्यातरी ठाण्यात किंवा कोर्टात आहे. जीएसटी, आयकर किंवा ईडी यांच्या आदेशानं लागलं असेल, तर वाट आणखी वेगळी. बाहेरून तिन्ही सारखीच दिसतात, मोबाइलवर तेच लाल अक्षरातलं वाक्य येतं. म्हणून माणसं चुकीच्या दारात धडका देत बसतात आणि आठवडे वाया जातात.

दुसरं असं विचारायचं, की कुलूप किती मोठं आहे. 'लीन' म्हणजे ठरावीक रकमेपुरती अडवणूक, बाकीचे पैसे तुला वापरता येतात. 'डेबिट फ्रीज' म्हणजे पैसे येतील पण जाणार नाहीत. 'टोटल फ्रीज'मध्ये येणंही बंद आणि जाणंही बंद. डेबिट फ्रीज लागलेल्या खात्याचा क्यूआर दुकानात तसाच ठेवलास, तर दिवसभराची विक्री आत जाऊन अडकत राहील. त्या कारखानदाराचं तेच झालं होतं. शनिवारी दुपारपर्यंत त्याचे आणखी बावीस हजार त्या खात्यात जाऊन बसले होते. मी आधी त्याला तो क्यूआर झाकायला लावला.

हळूहळू उलगडलं ते असं. दुसऱ्या एका राज्यात कुणाला तरी शेअरबाजाराच्या खोट्या ॲपनं काही लाखांना बुडवलं होतं. त्या माणसानं १९३० ला फोन केला. ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन. २०२१ पासून तिच्यामागे अशी यंत्रणा उभी आहे, की तक्रार नोंदली की पैसा ज्या ज्या बँकेत गेला तिथं सूचना पोचते. चोरांनी तो पैसा एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या असा फिरवलेला असतो. जिथं जिथं त्याचा माग निघतो, तिथं तिथं होल्ड लागतं. आपल्या कारखानदाराकडून कापड घेणाऱ्या एका छोट्या व्यापाऱ्याच्या खात्यात त्यातले काही पैसे आले होते, आणि त्यातूनच त्यानं कापडाचे अकरा हजार आठशे चुकते केले. कापड गेलं, बिल झालं, ट्रान्सपोर्टची पावतीही होती. तरी माग याच्या दारापर्यंत आला.

आधी कुलूप आणि मग चौकशी, हे बघून तुला राग येईल. मलाही येतो. पण हा पैसा मिनिटामिनिटाला पुढे सरकतो आणि एकदा रोखीत निघाला की फसलेल्याच्या हाती काही लागत नाही. आपल्याच पेठेतले एक निवृत्त मास्तर असे बुडाले, तेव्हा त्यांचे जे थोडे पैसे वाचले ते याच घाईमुळे. माझी तक्रार घाईबद्दल नाही. अकरा हजारांसाठी साडेसहा लाख अडवून ठेवायचे, ते कुणी अडवले हे सांगायचं नाही आणि नंतर महिनोन्‌महिने कुणी फाइल उघडायची नाही, याबद्दल आहे.

कायदा काय म्हणतो, तेही माहीत असू दे. संशयित मालमत्ता जप्त करायचा पोलिसांना अधिकार आहे. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०२ मध्ये होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ मध्ये आहे. बँकेतलं खातं ही 'मालमत्ता' धरायची का, हा वाद आपल्या महाराष्ट्रातल्याच एका खटल्यातून वर गेला होता. मुंबई उच्च न्यायालय नाही म्हणालं होतं, सर्वोच्च न्यायालयानं १९९९ मध्ये हो म्हटलं. तेव्हापासून पोलिस खातं गोठवू शकतात. पण जप्ती केली की मॅजिस्ट्रेटला लगेच कळवायचं हे बंधन त्यांच्यावर आहे. कळवायला उशीर झाला म्हणून जप्ती आपोआप रद्द होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्ये सांगितलंय. तेव्हा "त्यांनी कोर्टाला कळवलंच नाही, आता खातं सुटणारच" अशी खात्री कुणी दिली तर तेवढ्यावर विसंबू नकोस. उलट बाजूनं, केरळ उच्च न्यायालयानं २०२३ मध्ये अशा बऱ्याच खातेदारांच्या अर्जांवर सांगितलं की वादातली रक्कम तेवढी अडवा, सगळं खातं नको. आपल्या अर्जात हे जरूर मागायचं.

त्या दिवशी मी त्याला बँकेसाठी जो अर्ज लिहून दिला, तो तुलाही देते. साधा होता.

"माझ्या अमुक क्रमांकाच्या खात्यातील व्यवहार दिनांक अमुकपासून थांबवले आहेत. ही कारवाई कोणत्या कार्यालयाच्या आदेशावरून झाली, त्या आदेशाचा क्रमांक व दिनांक, तक्रारीचा पोच क्रमांक, वादातील रक्कम, त्या व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, आणि तपास अधिकाऱ्यांचं पद, ईमेल व दूरध्वनी मला लेखी कळवावं. अडवणूक वादातील रकमेपुरती मर्यादित ठेवण्याबाबत संबंधित कार्यालयाला कळवावं, ही विनंती."

दोन प्रती करायच्या. एक द्यायची, दुसरीवर शिक्का आणि सही घेऊन परत आणायची. शिक्का मिळाल्याशिवाय काउंटर सोडायचा नाही. आणि त्या काउंटरवरच्या पोरावर ओरडायचं नाही. त्याच्या हातात काही नसतं, पण तो मनात आणेल तर स्क्रीनवरचा तक्रार क्रमांक आणि ठाण्याचं नाव पाच मिनिटांत कागदावर लिहून देऊ शकतो. कारखानदार सोमवारी परत गेला, आधी त्या पोराची माफी मागितली, मग अर्ज दिला. दुपारी त्याच्या हातात ठाण्याचं नाव आणि यूटीआर होता.

यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक, मिळाला की अर्धं काम झालं. तो तुझ्या स्टेटमेंटमध्ये शोधायचा, त्या ओळीला खूण करायची आणि त्या रकमेचे कागद एकत्र लावायचे: बिल, माल गेल्याची बिल्टी, ऑर्डरचे मेसेज, खातेवहीतलं त्या गिऱ्हाइकाचं पान, जीएसटी नोंदणी. वर एक पानाचं पत्र. पहिल्या परिच्छेदात "मी कोण आणि माझा धंदा काय", दुसऱ्यात "हे पैसे कशाचे". हे सगळं एकाच पीडीएफमध्ये तपास अधिकाऱ्याच्या सरकारी ईमेलवर पाठवायचं, बँकेला प्रत लावायची, आणि त्याच मजकुराचं पत्र स्पीड पोस्टानंही. पंधरा दिवसांत हालचाल नाही झाली तर वकिलामार्फत मॅजिस्ट्रेटकडे जप्त मालमत्ता सोडण्याचा अर्ज करता येतो, नव्या संहितेत त्याला कलम ५०३ आहे. तेही जमलं नाही तर उच्च न्यायालय. कारखानदाराचं कोर्टापर्यंत गेलं नाही. अठ्ठाविसाव्या दिवशी बाकीचं खातं मोकळं झालं, अकरा हजार आठशे अजून अडकलेले आहेत.

या सव्वीस-सत्तावीस दिवसांत दोन माणसांपासून जपायचं. एक, "पन्नास हजार द्या, आठ दिवसांत खातं खोलून देतो" म्हणणारा दलाल. दुसरा, "मी अमुक ठाण्यातून बोलतोय, रक्कम या नंबरवर टाका, लगेच एनओसी देतो" म्हणणारा. वादातली रक्कम परत द्यायची असं ठरलंच, तर ती बँकेमार्फत, लेखी आदेशावर. कुणाच्या खासगी यूपीआयवर एक रुपयासुद्धा जाता कामा नये.

तसंच एखाद्या दिवशी तुझ्या खात्यात अनोळखी पाच हजार येतील आणि लगेच फोन येईल, "ताई, चुकून आले, या नंबरवर परत टाका ना." तुझं मन मऊ आहे, तू टाकशील. टाकू नकोस. त्याला नम्रपणे सांग, "दादा, तुमच्या बँकेत तक्रार करा, माझ्या बँकेनं विचारलं की मी लगेच हो म्हणते." आणि तू स्वतः त्याच दिवशी शाखेला लेखी कळवून ठेव. ते पैसे चोरीचे असले, तर तू परत टाकलेले वेगळ्याच माणसाला मिळतात आणि तुझ्या खात्यात आलेले होल्ड होतात. दोन्हीकडून तुझंच नुकसान.

आता बँकेच्या स्वतःच्या कुलपाबद्दल, म्हणजे केवायसीबद्दल. हे लिहिताना मला एक बाई डोळ्यांपुढे येतात. बुधगावच्या बाजूच्या, सत्तरी ओलांडलेल्या. पोराचा पत्ता नव्हता, पेन्शनवर औषधं चालायची. त्यांची केवायसीची मुदत संपली होती, पत्रं जुन्या पत्त्यावर जाऊन परत आली होती, आणि यादी पुढे आली तेव्हा खातं थांबवायच्या कागदावर सही माझी होती. नियमाप्रमाणेच केली. महिन्यानं त्या आल्या. आधारवर नवऱ्याचं नाव मधे, पासबुकावर वडिलांचं, पॅन काढलेलाच नाही. मी त्यांना तीन फेऱ्या मारायला लावल्या. तिसऱ्या फेरीला त्यांच्या हातात गोळ्यांचं रिकामं पाकीट होतं, तेच त्यांनी काउंटरवर ठेवलं, बोलल्या काही नाहीत. नंतर मी पॅनऐवजी चालणारा फॉर्म साठ भरून घेतला, नावाच्या फरकाचं स्वयंघोषणापत्र स्वतःच्या हातानं लिहिलं आणि खातं त्याच दुपारी सुरू केलं. जे तिसऱ्या फेरीला झालं, ते पहिल्याच फेरीला होण्यासारखं होतं. हे मी विसरलेले नाही.

म्हणून घरातल्या सगळ्या बायकांचे कागद तू एकदा शेजारी शेजारी मांडून बघ. आपल्याकडे लग्नानंतर आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं, कधी माहेरचं पहिलं नावही बदलतं. पासबुकावर 'सौ.' असतं आणि संगणक तेही नावाचा भाग समजतो. आधार एका नावानं, पॅन दुसऱ्या, खातं तिसऱ्या. माणसाला कळतं की बाई एकच आहे, यंत्राला कळत नाही. लग्नाचं नोंदणी प्रमाणपत्र किंवा गॅझेट यातलं जे असेल ते लावून तिन्हीकडे एकच नाव करून टाक. २०२४ च्या ऑगस्टपासून लाडकी बहीण योजनेचे पैसे यायला लागले, तेव्हा कितीतरी बायकांना पहिल्यांदा कळलं की आपलं खातं कधीचंच झोपलंय.

केवायसी किती दिवसांनी, तर ते तुझ्या खात्यावर बँकेनं किती जोखीम धरलीय त्यावर. जास्त जोखमीला दोन वर्षांनी, मध्यमला आठ, कमीला दहा. पगारदार, पेन्शनर, शेतकरी बहुधा कमी जोखमीत असतात. काही बदललं नसेल तर नुसती "बदल नाही" अशी घोषणा पुरते, ती मोबाइल, ईमेल किंवा एटीएमवरूनही देता येते. रिझर्व्ह बँकेनं २०२५ च्या जूनमध्ये आणखी सोय केली. मुदत संपण्याआधी बँकेनं किमान तीनदा कळवायचं, त्यातलं एकदा तरी पत्रानं, आणि नंतरही तीनदा आठवण द्यायची. कमी जोखमीच्या ग्राहकाचे व्यवहार मुदत संपल्यापासून एक वर्ष किंवा ३० जून २०२६, यातली जी तारीख उशिराची, तोवर चालू ठेवायचे. गावातला बँकमित्रही आता बदल नसल्याची किंवा पत्ता बदलल्याची घोषणा घेऊ शकतो. काउंटरवर कुणी नियमाबाहेर अडवलं, तर हे शांतपणे सांग. ऐकलं नाही तर लेखी तक्रार दे, तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. फी लागत नाही, माहितीसाठी १४४४८ हा फोन आहे. मात्र पोलिसांच्या आदेशानं गोठवलेल्या खात्यात लोकपाल हात घालत नाही. आणि पतसंस्था म्हणजे बँक नव्हे, तिची तक्रार सहकार खात्याकडे.

"तुमची केवायसी संपली, खातं बंद होईल, इथं दाबा" असा मेसेज आला तर दाबू नकोस, फाइल उतरवून घेऊ नकोस. केवायसी खरोखरच संपली असेल तर शाखेत जाऊन कळतंच.

तुझ्या मनात येईल, की बँकेला आपल्या पैशात एवढं नाक का खुपसायचं असतं. मनी लॉन्ड्रिंगविरोधी कायदा २००२ चा, लागू झाला १ जुलै २००५ ला. मी तेव्हा बँकेतच होते. त्या आधी कुणी दहा लाखांची रोकड भरली तर आम्ही चहा मागवत होतो. त्यानंतर दिल्लीच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटला दरमहा माहिती जायला लागली. एका व्यवहारात दहा लाखांवर रोकड, किंवा महिन्यात एकमेकींशी जोडलेल्या छोट्या छोट्या रकमांची बेरीज दहा लाखांवर गेली, तर पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत ती कळवायची. आणि रक्कम कितीही असो, व्यवहार संशयास्पद वाटला तर तोही कळवायचा. हे शेवटचं कळवल्याचं बँकेनं ग्राहकाला सांगायला बंदी आहे. म्हणून कधी कधी मॅनेजर नुसताच "जरा कागद आणून द्या" म्हणतो आणि पुढे बोलत नाही. त्या गप्प बसण्याचा राग धरू नकोस. कागद दे. नुसतं कळवल्यानं खातं बंद होत नाही, मागितलेले कागद न दिल्यानं मात्र गोष्ट वाढत जाते.

रोकड तोडून भरायची नाही, हे त्यातलंच. मार्केट यार्डातला एक हळदीचा व्यापारी मला आठवतो, पैसा अगदी सरळ मार्गाचा, हळदीच्या विक्रीचा. कुणीतरी त्याला सांगितलं की एकदम भरलंस तर चौकशी होते. म्हणून तो रोज एकोणपन्नास हजार घेऊन यायला लागला, कधी स्वतः, कधी पोरगा, कधी हमाल. एकदाच सगळी रक्कम आडत्याच्या पट्टीसह भरली असती तर कुणी मान वर करून बघितलं नसतं. रोजच्या एकोणपन्नास हजारांनी तो संशयाच्या यादीत आला आणि दोन महिने हेलपाटे घातले. आणि एकाच माणसाकडून दिवसात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला २०१७ पासून बंदी आहे, दंड घेणाऱ्याला, आणि तो घेतलेल्या रकमेएवढा. दादा अजून सूतवाल्याशी रोखीत बोलतो, त्याला हे तू सांग. माझं तो ऐकत नाही.

कागदांच्या सवयीचं म्हणशील, तर मोठी रक्कम आली की त्याच दिवशी तिच्याखाली कागद लावायचा. जमीन विकली तर खरेदीखत आणि इंडेक्स टू. बेदाणा, हळद, गूळ असेल तर आडत्याची पट्टी आणि सातबारा. उसाचं बिल कारखान्यातून थेट येतं, त्याची पावती. लग्नातला आहेर असला तरी वहीत नावं. वर्षभरानं कुणी विचारलं तर शोधाशोध होते, आणि आडत्या जागा बदलून गेलेला असतो.

खानापूर-आटपाडीकडच्या आपल्या पाहुण्यांना हे विशेष सांगावंसं वाटतं. गलाईच्या धंद्यात माणसं देशभर पसरलीत, सोनं-चांदी गाळून देणारी दुकानं केरळपासून बंगालपर्यंत आहेत, आणि गावाकडं आईचं एकच खातं. तिकडे दोन-तीन शहरांतल्या शाखांतून तिच्या खात्यात रोकड भरली जाते, इकडे ती काढून घराचं बांधकाम चालतं. माणसाच्या दृष्टीनं ती घामाची कमाई. संगणकाला दिसतं एवढंच, की शेतमजूर म्हणून नोंदलेल्या बाईच्या खात्यात परक्या राज्यांतून रोख भरली जातेय आणि लगेच निघतेय. चोरीचा पैसा फिरवणारं खातंही असंच दिसतं. शिवाय २०२० च्या डिसेंबरपासून सोन्या-चांदीचे व्यापारीही मनी लॉन्ड्रिंगविरोधी कायद्याखाली आलेत, दहा लाख आणि वरच्या रोखीच्या व्यवहारांची माहिती त्यांना द्यावी लागते. मुलानं आपल्या स्वतःच्या खात्यात, स्वतःच्या पॅनवर कमाई भरावी, विवरणपत्र भरावं, आणि मग आईला बँकेतून पाठवावं. वाट थोडी लांबची आहे, पण प्रत्येक पायरीवर कागद राहतो.

तुझ्या भिशीचंही तेच. वीस जणी दर महिन्याला दोन दोन हजार तुझ्या बचत खात्यात टाकतात आणि तू त्याच संध्याकाळी चाळीस हजार एकीला देतेस. बाहेरून बघणाऱ्याला ते कसं दिसेल, तूच विचार कर. ओळखीबाहेरच्या कुणाला त्यात घेऊ नकोस, आणि वहीत नाव, तारीख, रक्कम, सही ठेव.

कॉलेजातल्या पोरांना मात्र मी ओरडूनच सांगते. "तुझं खातं वापरायला दे, महिना पाच हजार देतो" असं म्हणणारे भेटतात. एटीएम कार्ड, सिम आणि पासवर्ड त्यांच्या हवाली करायचा आणि घरी बसून पाच हजार घ्यायचे. ते खातं चोरीचा पैसा वाहायला वापरतात. फसलेल्याची तक्रार झाली की पहिलं नाव त्या पोराचं निघतं. रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबनं अशी खाती हुडकायला 'म्यूलहंटर' नावाची संगणक प्रणाली बनवलीय. आपल्या भाडेकरूच्या पोराला तू हे नीट समजावून सांग, तो परवा मला कमिशनचं काहीतरी विचारत होता.

जीएसटी किंवा आयकराच्या थकबाकीत खातं जोडलं गेलं, तर सीए आणि वकील हीच वाट, त्यात आपण घरगुती उपाय करायचे नाहीत. जीएसटीची तात्पुरती जप्ती एक वर्षापुरतीच टिकते, हे लक्षात असू दे. ईडीनं मालमत्ता जोडली, तर तो हंगामी आदेश एकशे ऐंशी दिवसांचा असतो आणि तेवढ्यात प्राधिकरणानं कायम करावा लागतो. आपल्यासारख्यांवर ती वेळ क्वचितच येते.

तुझ्यासाठी व्यवस्था मी अशी करेन. क्यूआरचं खातं वेगळं, चालू खातं, कारखान्याच्या नावाचं. पगाराचे आणि घरखर्चाचे पैसे दुसऱ्या बँकेतल्या खात्यात, किमान दोन महिन्यांचे. एका बँकेत सगळं ठेवलंस, तर एका कुलपात सगळं घर बंद होतं. कारखानदाराच्या चौदा माणसांना त्या शनिवारी मी, तुझ्या बापानं आणि समोरच्या किराणावाल्यानं मिळून पगार दिला, म्हणून निभावलं. नवं गिऱ्हाईक असेल तर पैसे कुणाच्या नावावरून आले ते बघायचं. ऑर्डर एकाची आणि पैसे तिसऱ्याच्या खात्यातून, असं दिसलं तर माल थांबवून विचारायचं. खातं कधी बंद पडलंच, तर ज्यांना पुढच्या तारखेचे चेक दिलेत त्यांना आणि ज्याचा हप्ता आहे त्या बँकेला त्याच दिवशी लेखी कळवायचं, चेक परत आल्यावर नव्हे.

रविवारी ये. येताना वहिनीचं पासबुक, आधार, पॅन आणि मागच्या वर्षाचं स्टेटमेंट घेऊन ये. सुताचे निम्मे पैसे अजून तिच्याच बचत खात्यातून फिरतात, आणि ते खातं सोळा वर्षांपूर्वी मीच उघडलं होतं. व्यवसायाच्या रकान्यात 'गृहिणी' आणि उत्पन्नाच्या रकान्यात 'एक लाखाच्या आत' असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. सुताचा व्यवहार दादाच्या चालू खात्यावर नेऊ आणि तो फॉर्म नव्यानं भरू. पासपोर्ट साइजचे दोन फोटो लागतील, तेही आण.